डाव्या चाकाचा आवाज

प्रिय ताई,

माझी लाल गाडी विकायचा घाट आमच्या घरात घातला जातोय, अशी माझी खात्रीच झाली होती. सुरुवात झाली ती बाजारातून परत येताना. एका वळणावर हे एकदम म्हणाले, "पुढून कुईं कुईं करतेय बघ गाडी." मी म्हटलं, मला तर काही नाही ऐकू येत. ह्यांनी नुसतं "कमाल आहे!" म्हटलं. तुला ठाऊकच आहे, ही गाडी मी माझ्या पसंतीनं घेतलेली आणि ह्यांच्या डोळ्यात पहिल्या दिवसापासून खुपणारी. हे निवृत्त झाल्यापासून तर "दोन माणसांना दोन गाड्या कशाला" हे पालुपद चालूच होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी मुद्दाम एकटीनं गाडी बाहेर काढली. काचा खाली, रेडिओ बंद. गतिरोधकांवरून नेली, खड्ड्यांतून नेली, मोकळ्या मैदानात घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरवली. खड्ड्यात धप्प व्हायचं ते ऐकू आलं, सायलेन्सरची घरघर आली. कुईं काही नाही. घरी येऊन ठणकावून सांगितलं, गाडी ठणठणीत आहे. ह्यांनी फक्त माहेरपणाला आलेल्या लेकीकडे पाहिलं. ती नजर मी बरोबर पकडली. पुढे लेकीला सोडायला निघाले, तर ती म्हणते, "आई, किंचाळतेय गं ही! तुला कसं चालतं?" झालं, म्हटलं, बापानं फितवली हिलाही.

दवाखान्यातही काहीतरी शिजत होतं. मी खिडकीवर बसून पेशंटची नावं लिहून घेते ना, तिथली नवी डॉक्टरीण तोंडातल्या तोंडात बोलायची आणि परत विचारलं की कपाळाला आठ्या घालायची. माझ्या खुर्चीवर हिला आपलं कुणीतरी आणून बसवायचंय, असं मी ठरवूनच टाकलं.

शेवटी हे गाडी गॅरेजला न्यायला निघाले, तर मीही हट्टानं बरोबर गेले. मेकॅनिक ह्यांच्या जुन्या ओळखीचा. दोघांचं साटंलोटं मला डोळ्यांनी बघायचं होतं. त्यानं बॉनेटवर भार देऊन गाडी खालीवर हलवली. मग जॅक लावून पुढचं चाक दोन्ही हातांनी हिसडून पाहिलं आणि म्हणाला, चाकात ढिलेपणा नाही. मला वाटलं, सापडला आता! पण त्यानं गाडी खाली घेतली आणि ह्यांना आत बसवून स्टिअरिंग पुरतं वळवायला सांगितलं. दोघांचीही तोंडं एकदमच आंबट झाली. नाटकं पुरे, असं मी म्हणणार, तेवढ्यात शेजारच्या टेम्पोखाली झोपलेलं कुत्रं दचकून उठलं, कान टवकारून आमच्या डाव्या चाकाकडे बघत राहिलं आणि वैतागून निघून गेलं.

ताई, कुत्र्याला कुणी कटात घेत नाही गं.

मेकॅनिकला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. तो समोर येऊन मोठ्यानं म्हणाला, "वहिनी, चाकामागं हात घाला. स्प्रिंगवर नुसता तळवा टेकवा." ह्यांनी पुन्हा स्टिअरिंग वळवलं. स्प्रिंग अडून राहिली, आतल्या आत थरथरली आणि झटक्यानं सुटली. पुन्हा अडली, पुन्हा सुटली. वरचं बेअरिंग गंजलंय, स्प्रिंगला मोकळं फिरता येत नाही, म्हणून ती पिळवटते आणि ओरडते, असं त्यानं समजावलं. माझ्या तळव्याला सगळं कळत होतं. कानांना काहीच नाही.

परतताना मी ह्यांना विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? म्हणाले, "गजर वाजत राहतो आणि तू शेजारी वाचत बसतेस. सांगायला जीभ रेटत नव्हती. म्हटलं, गाडीच्या निमित्तानं तुझं तुलाच कळेल." म्हणजे कट होताच, पण भलताच. मी खिडकीबाहेर तोंड करून रडून घेतलं. ह्यांनी गाडी उगाच लांबच्या रस्त्यानं नेली.

बेअरिंग बदललं, गाडी माझ्याकडेच आहे. कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. जाड आवाज शाबूत आहेत, बारीक तेवढे गेलेत. यंत्र बसवायचं ठरलंय.

बारीक आवाज म्हटल्यावर मला पहिली आठवलीस ती तू. फोनवर तुझे निम्मे शब्द मला कळेनासे झाले होते आणि मी अंदाजानं "हो ना", "छान" म्हणत वेळ मारून नेत होते. मागच्या खेपेला तू बराच वेळ बोललीस. मी म्हटलं, "वा, बरंच झालं की!" तू फोनच ठेवलास, आणि तेव्हापासून तुझा फोन नाही. मी मात्र तुझ्यावरच संशय घेत बसले, की ताईला आता धाकटी नकोशी झाली. काय सांगत होतीस गं तू? भाऊजींचं काही होतं का? जे असेल ते मला लिहून कळव, अगदी पहिल्यापासून. मी जे उत्तर दिलं ते तुला नव्हतं, ताई. तुझं बोलणं माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

वाट बघणारी, तुझीच
धाकटी