पदराखालचा कोळसा

माय वं,

तू जाऊन वर्ष होत आलं. इतक्या दिवसांत तुले पत्र लिहिलं नाही. चौथी शिकलेल्या बाईनं गेलेल्या माणसाले काय लिहावं? पण उद्या मी तुझी शपथ मोडणार आहे. मोडून मग सांगण्यापेक्षा आधी सांगतलेलं बरं.

स्टेशनामागचा कोळशाचा धक्का मंगळवारी पाडला. नवी लाइन टाकून राह्यले. जेसीबीनं दुपारपर्यंत सारे दगड उपटले. मी बाजारातून येत होती, तिथंच उभी राह्यली. एक आटोवाला म्हणे, "मावशी, इंग्रजायची तोफ राहत असन इथं." म्हटलं, "तोफ नाही बे. इथं इंजिनाले जेवू घालत." त्याले वाटलं, बाई गंमत करून राह्यली.

गंमत कायची! कोळशाची वॅगन आली की माणसं फावड्यानं धक्क्यावर ढीग ओढत. तुम्ही बाया टोपलं भरून फळीवरून चढत आणि इंजिनाच्या मागच्या डब्यात रिकामं करत. एक उतरते तोवर दुसरी वर. फळी हालायची. गाडी खोळंबलेली, ड्रायव्हर शिट्टी वाजवून राह्यलेला, आणि मुकादम वरडे, "चला वं, चला! इंजिन उपाशी उभं आहे!" त्याच्यावर गोदामावशी म्हणे, "उपाशी तर आम्ही आहो मुकादम, त्याचं तर सकाळपासून जेवणच चालू आहे!" साऱ्या हसत. काळ्या तोंडात दात तेवढे दिसत. शाळेतून येताना मी माझी माय चालीवरून ओळखायची, चेहऱ्यावरून नाही.

मग डिझेल आलं, मग विजेच्या तारा आल्या. कोळसा खाणारं इंजिनच राह्यलं नाही, तर भरणारीले कोण विचारते? धक्क्यावर बाभळी उगवल्या. तू भाजी विकायले लागली. टोपलं मात्र कमरेवर घ्यायची, डोक्यावर नाही. मले वाटे, मान दुखत असन.

मग एका दिवाळीले तुले न्हाऊ घालताना मी पाह्यलं. डोक्याच्या मधोमध तळहाताएवढी जागा, एक केस नाही. खाली फडक्याची चुंबळ असली तरी भरल्या टोपल्यानं रोज घासून घासून केसायची मुळंच गेली होती. तू माझं मनगट धरलं. "कोणाले सांगू नको. माझी शपथ आहे. कोळशेवाली टकली म्हणतीन." म्हणूनच घरात पदर, वावरात पदर, झोपेत पदर.

आणि लोकायनं काय केलं? "बाईचा पदर कधी ढळला नाही!" तुझ्या लेकाच्या, प्रकाशच्या लग्नात त्याच्या सासरचे तुझ्या मर्यादेचं कौतुक करत होते आणि तू खाली मान घालून बसली! काऊन वं माय? एकदा तरी म्हणायचं होतं, "मर्यादा नाही हो, टक्कल आहे." मले हसू बी येई आणि रागही.

तुझं तू निभावलं. पण आता ते दुसरीच्या डोक्यावर आलं आहे. प्रकाशची पोरगी कोमल मेहकरले दिली ना? तिची सासू म्हणते, आजीसारखा डोक्यावर पदर घे. पोरगी दवाखान्यात नर्स, ती म्हणते, नाही घेत. मग वडनेरवरून तुझ्या लेकानं तिले फोन केला, "तुझ्या आजीनं जन्मभर घेतला, तुलेच काय जड झालं?" पोरगी भांडून माझ्या घरी येऊन बसली आहे. काल भाकरी खाता खाता मले विचारते, "आत्या, आजीले कसं जमलं वं? माझ्यातच काही खोट आहे का?"

सांग माय, काय उत्तर देऊ तिले?

मी प्रकाशले फोन लावला. म्हटलं, "तुझ्या बायकोनं मायच्या शेवटच्या आंघोळीले काय पाह्यलं, ते पोरीले सांग." तो म्हणे, "ताई, गेलेल्या माणसाची इज्जत काढू नको." म्हटलं, "इज्जत? त्या टोपल्यानं तुले शाळेत घातलं, त्यात कोणाची इज्जत गेली बे?" त्यानं फोन ठेवला.

तू त्याच्याच बाजूनं बोलशील, मले माहीत आहे. तुले तुझी लाज झाकायची होती. पण लाज होती कुठं? कोणाच्या घरातून कोळसा चोरला होता का? आणि आता तुझ्या पदरापायी कोमलचं घर मोडलं, तर तुले तिथं करमन का?

उद्या सकाळच्या बसनं तिले घेऊन मेहकरले जाते. कोमलले वाटेतच सांगीन. मग तिच्या सासूच्या समोर बसून सांगीन. ऐकली तर ठीक, नाही ऐकली तर पोरगी माझ्या घरी राहीन. भाकर आहे घरात.

रागवायचं तर रागव. पण एक शब्द देते. आधी तुझं काम सांगीन, ती फळी, तो ढीग, ते वजन. डोक्याचं मागून. तुझी कीव मात्र कोणाले करू देणार नाही. तिच्या सासूनं नुसतं "बिचारी" म्हटलं, तरी मी उठून चालू लागीन, चहा समोर ठेवलेला असला तरी.

तुझी तोंडाळ पोरगी,
शांता