रसिकाचे रक्त

खेड, जि. रत्नागिरी
४ नोव्हेंबर २००७

प्रिय जानू,

जयभीम. या शब्दाआधी आपण दोघेही जन्मभर 'सप्रेम' लिहीत आलो. आज तो मी जाणीवपूर्वक गाळला आहे. विसरलो, असा तुझा समज होऊ नये. हे पत्र टपालाने आलेले नाही, हे तुला दिसतेच आहे. ते ज्या हाताने पाठवले, तोच हात का निवडला, हे शेवटी लिहितो. शाळा सुटली तरी क्रमाने सांगण्याची सवय सुटत नाही. तू ते शेवटपर्यंत वाचावेस, एवढा हक्क माझ्याकडे अजून शिल्लक आहे असे मी धरून चालतो.

माझ्या गोदाला जाऊन दीड वर्ष झाले. परसातल्या रातांब्याची फळे यंदा कोणी वेचली नाहीत. ती तशीच चिऱ्यांवर पडून वाळली. रसिकाने 'आमसुले करू का?' म्हणून विचारले होते. मी नको म्हणालो. चुलीजवळचा गोदाचा पाटावरवंटा मी हलवू देत नाही, आणि त्यावर काही वाटूही देत नाही. हे हट्टीपण आहे हे मला कळते. तिच्या आजाराबद्दल तुला एक गोष्ट ठाऊक नाही. ती गाठ तिने बरेच महिने लपवली. त्या सुमारास आपल्या दोन्ही घरांत लग्नाचा एकच विषय होता: तुझा सम्यक आणि माझी रसिका. गोदाला वाटले, बोभाटा झाला तर सोयरीक लांबणीवर पडेल. पुढे इस्पितळात रसिकाने तिला रागे भरून विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली, "दुखत नव्हती गो बाय. दुखली असती तर बोलले नसते का?" कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही, हे मी विज्ञानाचा शिक्षक असून माझ्या घरात कधी बोललो नव्हतो. असल्या जागेचे नाव आपल्या घरांतून कोण घेतो?

आता तिच्या पहिल्या स्मृतिदिनाकडे येतो. बौद्धवाडीतल्या विहारासमोर मांडव होता, वंदना झाली होती आणि लोक पंगतीची वाट पाहत होते. त्याच आठवड्यात मुंबईच्या डॉक्टरांनी मला फोनवर कळवले होते, की गोदाची गाठ त्यांनी संशोधनासाठी ठेवली होती आणि तिच्यातल्या एका जनुकात बदल सापडला आहे. पीआयके-थ्री-सी-ए असे त्या जनुकाचे नाव. अशा गाठींत त्याचा हात असतो, हे जगाला कळून तीनच वर्षे झाली होती. मला वाटले, माझी बायको गेली ती कशाने गेली, हे माझ्या माणसांना समजावे. म्हणून मी उभा राहिलो आणि तुझ्यामुळेच मला दृष्टान्त सुचला. पेशीच्या पडद्यात स्निग्ध पदार्थाचे रेणू असतात. या जनुकाच्या हुकमाने तयार होणारा विकर, म्हणजे एन्झाइम, त्या रेणूंना फॉस्फेट जोडतो, आणि ते जोडले की पेशीला वाढण्याचा इशारा मिळतो. मी म्हणालो, आमच्या कंडक्टर जानूने बसमध्ये आयुष्यभर गाडी सोडायची जी डबल बेल दिली, तीच ही. गोदाच्या गाठीत घंटीची दोरी अडकून बसली होती. डबल बेल वाजतच राहिली, सिंगल बेल कोणी दिली नाही, आणि गाडी एकाही स्टॉपवर थांबली नाही. लोक हसले. तूही हसलास. आपल्या बायकोच्या मरणाबद्दल बोलून आपल्या माणसांना हसवता आले, याचे मला त्या क्षणी समाधान वाटले होते.

त्यानंतर मागून वाडीतल्या विठूने विचारले, "मास्तर, म्हणजे ह्यां पोरीतपण उतारला असात?" त्याला उत्तर द्यायला मी तोंड उघडणार, इतक्यात तू उठलास. सगळ्यांसमोर, उपरणे खांद्यावर सारखे करत, एखाद्या प्रवाशाला तिकिटाचे सुटे नाहीत म्हणून सांगावे तशा आवाजात तू म्हणालास, "काशीराम, मग पुढचं काही बोलण्याआधी पोरीचं रक्त तपासून घे. आमच्या घरात दोष नको." त्या वेळी रसिका पंगतीसाठी मांडलेल्या पानांवर मीठ वाढत होती. तिने पानाच्या कडेला ठेवलेली चिमूट पुन्हा उचलून वाटीत टाकली आणि सरळ आत गेली. सम्यक खांबाला टेकून आपल्या चपलांकडे पाहत राहिला. तुझी सावित्री तेवढी आत तिच्या मागून गेली. पदर छातीवर घट्ट धरून गेली, हे मला आता आठवते.

जानू, दोष हा शब्द तू कोणापुढे उच्चारलास? सत्तावन्न साली, धम्मदीक्षेनंतर, आपण पंधरा वर्षांचे असताना देव्हाऱ्यातले टाक आणि मूर्ती एका पाटीत भरून जगबुडी नदीवर कोणी नेल्या? पाटीचा एक कान तुझ्या हातात होता, एक माझ्या. तुझी आई येसूबाई काठावर रडत होती, "अरे मेल्यांनो, देवाक पाण्यात ढकलू नका रे!" म्हणत होती आणि तू छाती काढून तिला म्हणालास, "आई, जन्मानं कोण बाटत नाय आता. ता सगळा गेला व्हावन." मी तुझ्याहून अभ्यासात पुढे होतो, पण एवढे धीट वाक्य मला सुचले नसते. ते मी नंतर वर्गात, भाषणात, कितीदा तरी माझे म्हणून वापरले. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या सावलीत, स्पर्शात, रक्तात दोष पाहणारे लोक होते. ते परके होते, म्हणून आपण त्यांच्याशी भांडू शकलो. माझ्या मुलीच्या रक्तातला दोष शोधायला माझ्याच पाटीचा दुसरा कान धरणारा उभा राहील, याची तयारी मला कोणत्याही पुस्तकाने दिली नव्हती.

पुढे तू विठूकडून दोनदा निरोप धाडलास: रिपोर्ट आला की कळवा, मुलगा थांबलेला आहे. मी उत्तर दिले नाही. उत्तर माझ्याजवळ होते. मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला होता. गाठीबरोबर त्यांनी ताडून पाहण्यासाठी गोदाचे रक्तही घेतले होते आणि रक्तात ते जनुक अगदी जसे असावे तसेच आहे. म्हणजे हा बदल गोदा जन्मली तेव्हा तिच्यात नव्हता, तिने तो कोणाकडून घेतला नाही आणि कोणाला दिला नाही. उतारवयात कधीतरी, एका पेशीची नक्कल उतरताना, एक अक्षर चुकले. रसिकापर्यंत ते पोहोचायला वाटच नाही. काही घराण्यांत दुसरी जनुके पिढीजात येतात, हे मी नाकारत नाही. आणि समज, रसिकाच्या वाट्याला तसे आले असते, तर? ती कमी मोलाची झाली असती? या प्रश्नापायीच मी गप्प राहिलो. 'रक्त स्वच्छ आहे' असे कळवणे म्हणजे तुझा प्रश्न रास्त होता असे मान्य करणे. सम्यकचा फोन आला तेव्हा रसिकाने त्याला एवढेच विचारले, "आणि रिपोर्ट वाईट आला तर?" तो पुन्हा रिपोर्टचेच विचारू लागला. तिने फोन ठेवला. तो विषय आमच्याकडून संपला आहे. पुन्हा विठूला धाडू नकोस.

एवढे सगळे लिहूनही हे पत्र मी पाठवले नसते. तुझ्याशी न बोलता मरायला मी तयार होतो. पण गेल्या बुधवारी रसिकाला फोन आला. तुझ्या घरून नव्हे, कोपऱ्यावरच्या पीसीओवरून. सावित्रीवहिनी होत्या. इकडचे तिकडचे बोलून त्यांनी विचारले, "गो, तुझ्या आयेची गाठ सुरवातीला दुखायची काय?" रसिकाने विचारले, का? तेव्हा म्हणाल्या, काही नाही, शेजारणीसाठी विचारते. मग रडल्या. पावसाळ्याच्या आधीपासून त्यांच्या हाताला गाठ लागते आहे. तुला सांगत नाहीत, कारण धाकट्या सुजाताचे बघणे चालू आहे आणि घरात दोष आहे असे एकदा झाले की मुलीला कोण विचारतो, हे त्यांनी माझ्या मांडवात स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. कोणाला सांगणार नाहीस अशी शपथ त्यांनी रसिकाला घातली. रसिका मला म्हणाली, "बाबा, आईनेही असेच लपवले आणि ती गेली. ही शपथ मी पाळणार नाही. तुम्ही लिहा, मी घेऊन जाते." म्हणून ती आली आहे. फोनवर मी तुझ्याशी भांडलो असतो. आता ती तुझ्या दारात उभी आहे किंवा, तू तिला बस म्हणाला असशील, तर समोर बसली आहे. वहिनींना उद्याच इस्पितळात ने. केस पेपर कुठे काढायचा, कोणत्या डॉक्टरसमोर बसायचे, तपासणीच्या वेळी बाईमाणसाचा हात कसा धरायचा, हे सगळे तिला माहीत आहे. ती सोबत येईल. गाठ दुखत नाही म्हणून वहिनी नको म्हणतील. गोदाचीही दुखत नव्हती. रक्त कोणाचेच तपासत बसू नकोस. आधी त्या मुलीला पाणी दे.

वहिनींना सप्रेम जयभीम.

पाटीचा एक कान अजून धरून असलेला,
तुझाच,
काशीराम