कुंकू आत्या लावतील

८ फेब्रुवारी, रविवार
आज दिवसभरात दोघी. मिश्रा भाभींच्या भुवया आणि त्यांच्या पाहुणीचा हेड मसाज. पूर्वी रविवारी या पुढच्या खोलीत बाकावर जागा नसायची, बायका पायरीवर बसून भाजी निवडायच्या. चौकात ते काचेच्या दाराचं पार्लर उघडल्यापासून मुली तिकडे. ए.सी. आहे, कॉफी देतात. भाभी म्हणाल्या, "अरे दीदी, वहाँ की लड़कियाँ तो आधी भौंह ही उड़ा देती हैं. मैं तो आपसे ही कराऊँगी." भाभी सत्तरीच्या पुढे. त्यांच्या भुवयांवर किती दिवस काढणार.

धागा दातांत धरला की खालचा दात ठणकतो. हल्ली गळ्यात अडकवून करते. हात तोच, पण वेळ दुप्पट.

रोहितचा फोन. तेच. पुण्याला ये, घर भाड्यानं देऊन टाक, पावसाळ्याआधी ठरव. मी बोलून बसले की ही लग्नसराई बघते. नवऱ्या मुली सजवायची कामं मिळाली तर राहीन, नाही मिळाली तर येईन. तो लगेच म्हणाला, "प्रॉमिस?" तो लहान असताना मी त्याला असंच अडकवायची.

११ फेब्रुवारी
कोहमारा गावातून फोन. बिसेन म्हणून आहेत, त्यांची पल्लवी. कॉलेजला इथे होती तेव्हा भुवयांना माझ्याकडे यायची, फार बोलकी. २२ ला लग्न. फेशियल, हळदीच्या दिवशीची तयारी आणि लग्नाचा मेकअप, सगळं त्यांच्या घरी जाऊन. तिची आई म्हणाली, "पोरगी आयकूनच नाही राहिली, मॅडमच पाहिजे म्हणते. आमच्या गावात औंदा लय लगनं हायेत. तुमचा हात पाहतीन तं बाकीच्या बी बलावतीन."

फोन ठेवल्यावर उगीच आरशासमोर उभी राहिले. बऱ्याच दिवसांनी.

१३ फेब्रुवारी
सगळे ब्रश धुतले, गच्चीवर वाळत घातले. दोन फाउंडेशन खराब झाली होती, टाकली. नागपूरहून नवीन मागवलं.

ब्रश धुताना कॉन्व्हेंटची शाळा आठवली. सोमवारी सिस्टर नखं बघायच्या आणि टिकली दिसली की काढायला लावायच्या. आम्ही पाचजणी ती वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवून ठेवायचो. गेटबाहेर पाय पडला की पुन्हा कपाळावर. हे गेले तेव्हा दहाव्या दिवसानंतर मी आपणहून टिकली लावली. सवयीनं. इथे शहरात कुणी काही बोललं नाही. रोहित बघून म्हणाला होता, "बरं केलंस."

१५ फेब्रुवारी, रविवार
सकाळच्या एस.टी.नं गेले. फेशियल आणि मेकअपची ट्रायल. पल्लवीला ब्लीच हवं होतं. नाही म्हटलं. हळद इतकी जवळ असताना ब्लीच केलं तर त्यावर हळद चरचरेल, चेहरा लाल होऊन बसेल. जरा फुगली. मग ट्रायल बघितल्यावर मिठी मारली.

घरभर बायका. सगळ्यांत पुढे तिची आत्या, सडक अर्जुनीकडे दिलेली. जाडजूड, हसरी, आवाज मांडवभर. "मॅडम, माह्या बी तोंडाले लावा ना काही. बुढा वळखला नाही पाहिजे." मी म्हटलं, ओळखलं नाही तर घरात कसे घेतील? म्हणाली, "तं नका घेऊ. चार दिस माहेरी राहतो!" सगळ्या हसल्या. मीही. डबा भरून दिला येताना, वडे आणि तिखट चटणी. बसमध्येच खाल्ले.

असं कुणाच्या घरात मधोमध बसून बरेच दिवस झाले होते.

२१ फेब्रुवारी, शनिवार
लिहू की नको. गुडघे दुखताहेत, पण झोप येणार नाही.

आज हळद. सकाळी पोचले. पल्लवीची वेणी, फुलांचे दागिने, हलका मेकअप. अंगणात जांभळाच्या फांद्यांचा मांडव, गारवा छान. हळद लावायला पाच सवाष्णी लागतात, एक कमी पडली. तिची बस अजून यायची होती. आत्या आल्या आणि माझं मनगट धरलं. "चला मॅडम, तुमी पाचव्या. सवासीन हायेच की."

ओढत पाटापर्यंत नेलं. आंब्याचं पान हातात दिलं. पल्लवी खालून बघून हसत होती.

हाताला क्रीम आहे म्हणता आलं असतं. तेवढ्यानं भागलं असतं. पण तोंडातून निघालं ते खरंच. "मी नाही लावू शकत. माझे मिस्टर गेले, चार वर्षं झाली."

डी.जे. वाजतच होता.

आत्या : "मंग टिकली काऊन लावता?"
मी : "सवय आहे."
"सवय! आन् सकाळपासून पोरीच्या तोंडाले हात लावून राहिले तुमी. आधी काऊन नाही सांगतलं?"
"तुम्ही विचारलं नाही."
"असं का कोणी इचारते?"

खरं आहे, असं कुणी विचारत नाही. पल्लवीची आई आत्यांना दंडाला धरून आत घेऊन गेली. मी मांडवात एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. कुणीतरी चहा आणून दिला, तोंडाकडे न बघता. तेवढ्यात ती पाचवी आली आणि हळद सुरू झाली.

निघताना आई गेटपर्यंत आली. "मॅडम, राग नका मानू. मोठे माणसं हायेत घरात. उद्याचं फोनवर सांगतो."

बसमध्ये विचार करत होते की का बोलले. धीट आहे म्हणून नाही. थकले होते. खोटं बोलायला जी ताकद लागते ती नव्हती. आणि पान हातात आल्यावर एक क्षण मला फार बरं वाटलं होतं, त्याचीच भीती वाटली.

उद्या बोलावणं आलं नाही तर ते गाव गेलं. ते गाव गेलं तर पुणं.

२२ फेब्रुवारी
पहाटे बॅग भरून बसले. फोन पल्लवीचा. "मॅडम, निघाल्या का? मी तोंड धुऊन बसली." मागून कुणीतरी ओरडत होतं. मग फोन आईनं घेतला. "या. पण एक हाय. कुंकू आत्या लावतीन. बाकी तुमी करा."

गेले. खोलीत शिरताच आत्यांनी अट नीट समजावली. कपाळाच्या मधोमध, जिथे कुंकू बसतं, तिथे माझा हात लागायचा नाही. क्रीमसुद्धा नाही. म्हणजे सगळ्या चेहऱ्याला बेस, आणि मध्ये रुपयाएवढी जागा कोरी. इतक्या वर्षांत असा चेहरा केला नव्हता. त्या गोलाभोवती स्पंज जपून फिरवला. आत्या मागे उभ्या, डोळे रोखून बघताहेत. त्यांचा श्वास माझ्या मानेवर.

पण चेहरा झाला. डोळे तर फार सुरेख. पल्लवीनं मान हलवली नाही, बिचारी.

मग आत्यांनी बोट बुडवलं आणि टेकवलं. बोट तेलकट होतं. कुंकू पसरलं, डाव्या भुवईकडे ओघळ. पल्लवी आरशात : "आत्या! वाकडं झालं ना वं."
"वाकडं का सरळ, नवऱ्याले का दिसते?"
"फोटोत दिसते!"

फोटोचं ऐकल्यावर आत्या विचारात पडल्या. माझ्याकडे बघितलं. मग हळूच, माझ्या कानाशी : "तुमी नीट करा. पण बोट नका लावू. ते कान कोरायची कापसाची काडी हाय ना तुमच्याकडं? त्यानं करा."

काडीनं केलं. कड साफ केली, गोल भरला, वर पावडर. आत्या म्हणाल्या, "आता झाली नवरी." मला हसू यायला हवं होतं. खोलीबाहेर येऊन पाणी प्यायले तेव्हा आलं, तेही अर्धंच.

वरातीत किती जणींनी विचारलं म्हणे, कुणी केलं.

२६ फेब्रुवारी
त्या गावातून तीन फोन. तिघी नवऱ्या, एप्रिल आणि मेमध्ये. इथेच राहायचं ठरल्यासारखं झालं. इतकं काम एका आठवड्यात गेल्या दोन वर्षांत आलं नव्हतं. मिश्रा भाभींना सांगितलं तर त्यांनी पेढा आणून तोंडात कोंबला. "अब कैसा पूना, बताइए!"

पण तिघींच्याही घरून तेच, अगदी सहज. "कुंकू आमची काकू लावन. तुमाले तं माहीतच हाय." जणू माझी तशी पद्धतच आहे. एकीनं विचारलंही, "काडी तुमीच आणता ना?"

३ मार्च
नर्स रामटेकेबाई वॅक्सिंगला आल्या. त्यांना सगळं सांगितलं. खो खो हसल्या. "कायले आयकून घेता वं ताई? आमच्याकडं असं काहीच नाही. बुद्धवंदना आन् हार, झालं लगन." मला बरं वाटलं. विचारलं, तुमच्या मुलीचंही मेमध्ये आहे ना? चेहरा जरा पडला. "हो… पण पोरीनं त्या काचेवाल्याकडं बुक करून टाकलं. तिले तो एच.डी. मेकअप पाहिजे."

असो. पाय छान झाले त्यांचे.

९ मार्च
ताप. अंगदुखी. दिवसभर पडून. पायरीवर कुणी आलं नाही.

शाळेत गॅदरिंगला सगळ्यांचे चेहरे मीच रंगवायची. परी, राजा, मेंढपाळ. सिस्टर मला काडेपेटीतली काडी जाळून भुवया काढायला द्यायच्या आणि म्हणायच्या, पूर्ण चेहरा एका हातानं झाला पाहिजे, नाहीतर तो दोन माणसांचा दिसतो. परवा पल्लवीचे फोटो आले. सगळ्यांना आवडलेत. मला कपाळ वेगळं दिसतं. मलाच दिसतं.

१४ मार्च, शनिवार
रोहितचं पुन्हा. खोली रंगवून घेतली म्हणे माझ्यासाठी. सूनबाईंनी रंग निवडला. फिकट पिवळा. चांगली मुलं आहेत. त्यांना मी काय सांगू. काम आहे, हे सांगितलं. तो म्हणाला, "मग रडल्यासारखी का बोलतेस?"

१७ मार्च
आज दुपारी खुद्द आत्यांचा फोन. त्यांच्या मनीषाचं जमलं, एप्रिल अखेरीस लग्न. बोलण्यात तीच ऊब. "मॅडम, माह्या पोरीले तुमीच पाहिजे. पल्लवीचा फोटो पाहून मनीषाच्या सासूनं इचारलं, कोणतं पार्लर. सांगतलं, आमची मॅडम हाय." मग, "कुंकू मी लावन. तेवढं तं हायेच."

आधी ठरवलेलं काही नव्हतं. म्हटलं, "आत्या, मनीषाचा चेहरा मी पूर्ण करीन. कपाळासकट, कुंकवासकट. तुम्ही वरून बोट टेकवा, अक्षता टाका, काय करायचं ते करा. पण कोरी जागा नाही ठेवणार."

त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

"मॅडम, तुमी समजून नाही राहिले. माही एकुलती एक पोरगी हाय."
"समजतं. म्हणूनच म्हणते."
"उद्या तिले काही झालं तं मी कोणाले बोलू?"
"मला बोला."
"तुमाले बोलून का होईन?"

मग आत्याच आवाज खाली आणून : "बुढ्याले इचारतो. पोरीले इचारतो. संध्याकाळी सांगतो."

आत्यांनी नाही म्हटलं तर त्या तीनही घरांत आजच कळेल. गाव एवढंसं, आणि शब्द त्यांचा. मग पिवळी खोली.

१७ मार्च, संध्याकाळ
दिवा लावला. भात टाकला.

फोन वाजला. धावत गेले, रोहितचा होता. उचलला नाही. त्याच्याशी बोलत बसले आणि नेमका तेव्हाच आत्यांचा आला, तर त्यांना बिझी लागेल.