आईला न सांगितलेली बुडी

बहरीन, जानेवारी

आई,

दादा नदीत बुडाला, तेव्हापासून तू मला पाण्याजवळ जाऊ दिलं नाहीस. इथं आल्यावर तुझ्या नकळत तरणतलावात पोहायला शिकले, आणि परवा सुट्टीच्या दिवशी मी ऑफिसातल्या मरियमबरोबर अमवाज बेटांच्या पुढे समुद्रात भाल्यानं मासे मारायला गेले. पाणी इतकं गार की दात वाजायला लागले. बोटीची कड सोडवेना.

"यल्ला, चल नीलम. मी शेजारीच आहे," मरियम म्हणाली.

मी बुडी मारली. समोर मोठा हामूर मासा आला. माझा भाला चुकला, मासा निघून गेला. वर येऊन मी हसतच सुटले. इतकी वर्षं वाटायचं, पाण्याखाली फक्त दादाचं मरण आहे. तिथं मासेही आहेत गं.

हे पत्र पाठवत नाही, घाबरशील. मार्चमध्ये येतेय. समोर बसून सांगेन, म्हणजे मी धडधाकट आहे हे तुला दिसेल. मग हव्या तेवढ्या शिव्या दे.

तुझीच,
नीलम