परत आलेली नोटीस

हिंजवडी, रविवार, सायंकाळ

शैलजा विनायक कदम, आज तुझ्या पश्चात हे भाड्याचे घर सोडताना तुझ्या कपाटात फाईल सापडली. मुग्धाच्या पोटगीसाठी तू तुझ्या पहिल्या नवऱ्यावर केलेल्या दाव्याची. त्याला दुबईला पाठवलेली नोटीस ‘या पत्त्यावर राहत नाही’ अशा शेऱ्यासह परत आली आणि दावा तिथेच थांबला.

नवा पत्ता माझ्याजवळ होता. मुग्धाच्या वाढदिवसाला त्याने पाठवलेल्या शुभेच्छापत्राच्या पाकिटावर तो स्वच्छ अक्षरांत होता. ते पाकीट मी माझ्या पदवी-प्रमाणपत्राखाली ठेवून दिले. मुलीला मीच वाढवीन, हा अभिमान? की त्याचे नावही घरात नको होते? फी परवडेना म्हणून तिने आर्किटेक्चर सोडून बी.कॉम.ला प्रवेश घेतला, तेव्हाही मी ते पाकीट बाहेर काढले नाही.

आज ते पाकीट तिच्या हाती दिले. तिने पत्ता दोनदा वाचला.

“आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून कोर्टात जायची, बाबा,” एवढेच म्हणाली.

तेवढ्यात जवळच्या रिहे गावाहून घरमालक आले. “सर, आत काय ऱ्हायलं तर न्हाई ना?”

“नाही,” मी म्हणालो. दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या त्यांना परत केल्या.