होडीतली पुढची जागा

९ फेब्रुवारी
हिंगोलीला जाऊन आले. एकटीच. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो उजेडाला धरून दाखवला. खालची चकती सरकली, नस दबली, म्हणून डावा पाय बधिर. "काम काय करता?" म्हटलं, ईसापूरच्या धरणात मासे धरतो, नवरा-बायको. इंजिनाची होडी आहे. नवरा मागं इंजिनावर, मी पुढं जाळ्याला. "लाटेवर होडी आपटते का?" व्हय म्हटलं. "मग ते धक्के आधी बंद करा. नाहीतर ऑपरेशनची पाळी येईल."
महिनाभराच्या गोळ्या. अन् रोज लिहायचं, दुखणं दहापैकी किती. त्यासाठी ही वही.
आज दुखणं (दु.) ७.
ह्यांना सांगितलं, अशक्तपणा आहे, कॅल्शियम दिलंय.

१० फेब्रु.
दु. ६.
खोटं काहून बोलले ते लिहून ठेवते. खरं सांगितलं की हे म्हणणार, तू घरी बस. माझ्या जागी अंकुश येणार. चुलत दीर माझा, दोन वर्षांपासून मागं लागलाय होडीत घ्या म्हणून. एकदा तो बसला की ती जागा मला परत मिळत नसते.
बारा वर्षं झाली. बुडालेल्या बाभळी कुठं, जाळं कुठं अडकतं, वाम मासा कोणत्या खडकात, सगळं मला पाठ आहे. तांड्यात मी कुणाची तरी सून, कुणाची तरी भावजय. पाण्यावर नाही.

१४ फेब्रु.
दु. ७. दुपारून वारा सुटला. होडीचं तोंड वर जातं अन् धाडकन पडतं, त्या तोंडाशीच माझी फळी. दातावर दात वाजतात. घरातली उशी नेली होती, दोन दिवसांत भिजून दगड झाली.

१८ फेब्रु.
आज हेच कमरेला हात लावून बसले. "सुमन, इंजिनावर बसून कंबर धरून राहिली." मी काय बोलणार. मग म्हणाले, ट्रॅक्टरवर दिवसभर बसलं तरी असं होत न्हाई, त्याच्या शिटाखाली स्प्रिंग असती, शॉकअप असतो, तसलंच होडीत बसवलं तर? संध्याकाळी डोंगरकड्याला गेले, हमीद मिस्त्रीकडं. मिस्त्री ट्रॅक्टरची शिटं बसवतो, वेल्डिंग करतो. भंगारातलं एक शीट आहे म्हणाला त्याच्याकडं.
एकच?
विचारलं नाही.

२३ फेब्रु.
शीट बसलं. पहिल्यांदा फार उंच झालं, हे बसले की होडी डुलायची, मी पुढून ओरडले. मिस्त्रीनं पाय कापून बुटकं केलं. फायबरला खालून भोक पाडायचं नाही, पाणी शिरेल, म्हणून लोखंडी पट्टी मागच्या फळीला वरून-खालून आवळली. डोकं आहे माणसाला.
हे खूश. "गादीवर बसल्यावानी वाटून राहिलं!" मग मला, "कसं वाटतं?"
शीट कसं दिसतं ते विचारत होते. म्हटलं, छान.
दु. ७. अन् शीट आल्यापासून हे इंजिन जोरात पळवायला लागलेत. त्यांना लागतच नाही आता.

१ मार्च
दु. ८.
डावी चप्पल पाण्यात गेली. पायातून कधी निसटली कळलंच नाही. ह्यांना तरंगताना दिसली. हसले, "ध्यान कुठं असतं तुझं?" मी पण हसले. नंतर जाळं नीट करायच्या निमित्तानं खाली वाकले अन् पायाला चिमटा काढून पाहिला. दुसऱ्याचा पाय असल्यासारखा.

४ मार्च
ह्यांच्या उजव्या तळहातात शिंगाळा माशाचा काटा घुसला. हात सुजून भाकरीएवढा. दु. ७.

५ मार्च
आजचं सगळं लिहायचंय.
सकाळी ह्यांना इंजिनाचा दांडा धरता येईना. जाळी तर रात्रभराची पाण्यात, काढली नसती तर मासे सडले असते. म्हटलं, मी चालवते. शांत पाण्यात आधी चालवलंय. हे पुढं माझ्या फळीवर, मी मागं शिटावर. बसले अन् खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. खालून लाट येते ते कळतं, पण कंबरेपर्यंत पोचतच नाही.
जाळी काढून परत निघालो तेव्हा वारा. मधल्या पाण्यात लाटा लागल्या. पहिल्या आपटीला हे "अगं!" म्हणाले. दुसरीला शिवी. मग हात हलवून ओरडायला लागले, "हळू! हळू घे!"
"हळूच आहे," मी ओरडले. "तुमी याच्या दुप्पट पळवता."
हे एका हातानं कड धरून बसले, दर आपटीला मान खाली जायची.
काठाला लागलो तर ह्यांना सरळ उभं राहता येईना. वाळूत आडवे झाले. बराच वेळ आभाळाकडं बघत.
"तू रोज हितं बसतीस?"
"व्हय."
"असंच लागतं?"
"तुमच्यापेक्षा मी हलकी. जास्त उडते."
मासे तसेच होडीत. दोघंही उठलो नाही. मग मी सगळं सांगून टाकलं. फोटो, नस, पाय, चप्पल.
हे आधी चिडले. "महिना झाला, मला काहून न्हाई सांगितलं?" मग तेच जे मला माहीत होतं. "उद्यापासून अंकुशला बोलावतो."
माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या कमरेला शीट, अन् माझ्या कमरेला अंकुश?"
हे उठले. मासे उचलले डाव्या हातानं.
दु. लिहायचं राहिलं. काय लिहू. हलकं वाटतंय.

६ मार्च
उठले तर हे घरात नाहीत. धरणावर गेले तर सुजल्या हातानं शिटाचे नट खोलत बसलेले. मागचं शीट पुढं बसवायचं होतं त्यांना. पुढं होडी निमुळती, बसेना. तरी तासभर ठोकत होते. म्हटलं, जाऊ द्या. "तू बोलू नको," म्हणाले. रागानं नाही.
दुपारी मलाच घेऊन डोंगरकड्याला.

७ मार्च
मिस्त्री म्हणाला, "पुढं ट्रॅक्टरचं नको. मोटारसायकलचे दोन शॉकअप लावतो, वर अरुंद फळी, त्यावर रबर." ह्यांनी विचारलं, किती दिवस? "भाभीचं काम आहे, जल्दी करतो." अंकुश येऊन गेला घरी. ह्यांनी त्याला चहा पाजला अन् होडीचा विषयच काढला नाही. मी चुलीपाशी कान देऊन बसलेली.

११ मार्च
मिस्त्री स्वतः बसला, मस्त दबलं. हे बसले, दबलं. मी बसले, हलेना. मी परत जोरात बसले. तरी नाही.
मिस्त्री डोकं खाजवून, "भाभी, तुमचा वजनच कम पडून राहिला. हे शॉकअप दोन गड्यांच्या हिशोबाचे."
हे हसले, मी हसले, मिस्त्रीची बायको आतून बाहेर आली अन् ती पण. कितीतरी दिवसांनी असं हसले. कंबर दुखेपर्यंत.

१४ मार्च
आता पोरींच्या स्कूटीचे शॉकअप लावलेत. दबतात. पण एकातलं तेल गळालेलं होतं, नुसती स्प्रिंग राहिलेली. पाण्यात गेलो, पहिल्याच मोठ्या लाटेला मला वर उडवून दिलं, कड धरली म्हणून वाचले. हे पांढरेफटक. इंजिन बंद करून तिथंच थांबले. "बस झालं. जीव जाईल तुझा."
म्हटलं, तेल गळालंय, जीव नाही गेला. परत मिस्त्रीकडं.
दु. ६.

१८ मार्च
बसलं. बराबर बसलं.
मुद्दाम वाऱ्याच्या वेळी गेलो. होडी आपटते, आवाज तोच, पण धक्का खालीच जिरतो. मी एकदम मोकळी, दोन्ही हात जाळ्याला. हे मागून सारखे, "लागलं का? लागलं का?" शेवटी म्हटलं, तुमच्या विचारण्यानं डोक्याला लागून राहिलं.
दु. ४. पहिल्यांदाच चार.

२६ मार्च
दु. ३. काल ४ होतं, परवा ३. वाम मिळाली, दीड हात. हे आता लाट आली की इंजिन कमी करतात, न सांगता.

३ एप्रिल
हिंगोली. हे बरोबर होते. डॉक्टरांनी वही मागितली, पानं उलटली. मी सगळंच लिहून बसलेले, लाज वाटली. ते फक्त आकडे बघत होते बहुतेक. पायावर सुई टोचून टोचून विचारलं, कळतं का? चार बोटांना कळलं. अंगठ्याला नाही.
"ऑपरेशनचं सध्या नाव काढत नाही. दोन महिन्यांनी परत फोटो."
ह्यांनी विचारलं, "होडीत बसू देऊ का हिला?" डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही, पाय आणखी बधिर झाला तर त्याच दिवशी थांबायचं. अन् ते शीट कसं बनवलं ते दोनदा विचारलं. हे अशा थाटात सांगत होते जसं काही पहिल्यापासून माझ्यासाठीच चाललं होतं. मी काही बोलले नाही. बोलावंसं पण वाटलं नाही.
बाहेर येऊन ऊसाचा रस प्यालो. दोन-दोन ग्लास.

९ एप्रिल
दु. ३. अंगठा अजून तसाच.
पाणी उतरून राहिलंय, काठ रोज लांब जातो. होडी वर ओढून ठेवली होती. पलीकडच्या काठाची सखू आली, ती पण नवऱ्यासंगं जाळ्याला असते, माझ्याहून मोठी असेल. कधी धड बोललो नव्हतो. "ते शीट तुमचंच का?" व्हय म्हटलं, बसून बघा.
चढून बसली. हातांनी दाबलं, मग अंगानं दाबलं, वर-खाली झाली. तिचा नवरा लांबून हाका मारत होता, चल म्हणून. तिनं तिकडं बघितलं नाही.
म्हटलं, "तुमचं पण दुखतं का?"
ती पदर तोंडाला लावून पाण्याकडं बघत, बसूनच राहिली. मी पण शेजारी कडेवर टेकले. नवऱ्याच्या हाका चालूच होत्या.