बत्तीस मुले सुखरूप परतली

शनिवार, दुपार

प्रिय सूनबाई,

असं लिहिलं की तुला हसू येतं, मला माहीत आहे. लग्नानंतर मी पहिल्यांदा तुला अशी हाक मारली तेव्हा तू मागे वळून पाहिलं होतंस, आणखी कोण आलंय म्हणून. घरात मी आई आणि शाळेच्या फाटकातून आत शिरलं की मॅडम, हा नियम तूच केलास आणि मलाही तो पटला होता. शाळेत एकदाच तुझी जीभ घसरली. मुख्याध्यापिका बाईंसमोर तू 'आई, खडू संपलेत' म्हणालीस आणि तुझी पहिलीची सगळी पोरं मला आठवडाभर आई म्हणत होती. तू चार दिवस म्हणून माहेरी गेलीस, त्याला उद्या पाच आठवडे होतील. फोनवर आपण तुझ्या बाबांच्या गुडघ्याबद्दल बोलतो, हवेबद्दल बोलतो, मग दोघींपैकी एकीला काहीतरी काम आठवतं. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे.

आधी शाळेच्या बातम्या सांगते. सव्वीस वर्षं शाळेचं आठवड्याचं पत्रक लिहिणाऱ्या बाईला दुसरी सुरुवात कुठून सुचणार. तर, प्रार्थनामंदिराचं छप्पर उजव्या बाजूने गळायला लागलंय आणि गाणाऱ्या मुलांच्या रांगेत मधोमध बादली ठेवलीय. फादरांचा माइक अजून तसाच आहे. सोमवारच्या प्रार्थनेत त्यांनी क्षमेवर पंधरा मिनिटं सांगितलं, त्यातली मागच्या रांगेपर्यंत चारच पोचली असतील. चौथीच्या मुलांनी वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना पत्रं लिहिली. एका मुलाने 'तुम्ही अजून जिवंत आहात याचा आनंद वाटतो' असं लिहिलंय आणि मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, राहू दे, खरंच तर आहे. पुढच्या आठवड्यात बुधवारी दातांचे डॉक्टर येणार आहेत, गुरुवारी जुने पण धड असलेले बूट गोळा करायचे आहेत. 'धड असलेले' या शब्दांखाली मी या वेळी रेघ मारलीय. गेल्या वर्षी काय काय आलं होतं ते तुला आठवतच असेल.

तुझ्या वर्गावर बदली बाई आहेत. वाईट नाहीत. मुलं हाताची घडी घालून बसतात, ओळीने उठतात, ओळीने पाणी पितात. मी व्हरांड्यातून जाते तेव्हा आत वर्ग भरलाय की नाही हे डोकावून बघावं लागतं. तू असताना डोकावायची गरज नव्हती, दोन जिने खाली कार्यालयात माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचं. मीच तुला एकदा त्यावरून टोकलं होतं. शिस्त हवी ग, असं काहीतरी म्हणाले होते. माझ्या तोंडी शिस्तीची भाषा किती शोभते ते आता कळतंय.

माझी पत्रक लिहायची पद्धत तुला ठाऊक आहे. गुरुवारी सकाळी ते छपाईच्या यंत्रावर जातं, मग घड्या पडतात आणि शाळा सुटायच्या आत प्रत्येक दप्तरात जातं. त्यामुळे गुरुवारी दिवसभरात जे व्हायचं असतं ते मी सकाळी आठ वाजताच झालं म्हणून लिहून टाकते. कार्यक्रम उत्साहात पार पडला. पाहुण्यांनी मुलांचं कौतुक केलं. एवढ्या वर्षांत एकदाच अंगाशी आलं होतं. खेळांचा दिवस पावसाने रद्द झाला, आणि पत्रकात मात्र तिसरीच्या मुलींनी रस्सीखेच जिंकली होती. त्या मुली पुढे वर्षभर आम्ही जिंकलो म्हणून सांगत हिंडल्या. शाळेत त्यावरून मला चिडवायचे सगळे, आणि खरं सांगते, मला ते आवडायचंही. मॅडमना आधीच सगळं दिसतं, असं म्हणायचे.

त्या गुरुवारी सकाळी मी लिहिलं होतं, 'पहिलीची बत्तीस मुले रोपवाटिकेला भेट देऊन आनंदात व सुखरूप परतली.' मग बरोबर जाणाऱ्या मदतनीस बाईंना ताप आला म्हणून मीच तुमच्यासोबत बसमध्ये चढले. परत निघताना तू मागच्या सीटवर त्या ओकणाऱ्या मुलाला धरून बसली होतीस, आणि तिथून ओरडलीस, आई, मोजली का. मॅडम नाही म्हणालीस, आई म्हणालीस. मी दारात उभी होते. मी म्हणाले, मोजली, बत्तीस. ड्रायव्हरने बस सुरू केली.

मी मोजली नव्हती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा तुला लिहिते आहे, जरी तुला ते पाच आठवड्यांपासून माहीत आहे. थकले होते, ऊन होतं, असलं काही सांगत नाही. बत्तीस आकडा सकाळपासून माझ्या डोक्यात बसलेला होता. मी तो लिहून मोकळी झाले होते, यंत्रावर दोनशे प्रती निघाल्या होत्या, आणि माझ्या लेखी मुलं केव्हाच परतली होती. पुढचे दोन दात पडलेली तुझी ती लाडकी त्या वेळी रोपवाटिकेच्या काचघरात कुंड्यांमागे होती. माळी बाराला कुलूप घालून जेवायला गेला. आपण परत आलो ते थेट सभागृहात, गाण्याच्या तालमीला, तिथे गाण्याच्या बाईंच्या समोर पन्नास-साठ पोरं, कोणाच्या लक्षात येणार. दीडला तिचे वडील न्यायला आले तेव्हा खुंटीवर तिचं दप्तर तेवढं होतं. मी रोपवाटिकेला फोन लावत होते आणि ते माझ्या टेबलासमोर उभं राहून दप्तरातलं पत्रक वाचत होते. त्यांनी ते वाचून घडी घातली आणि खिशात ठेवलं. काचघर उघडलं तेव्हा सव्वादोन झाले होते.

शाळा समितीची चौकशी झाली त्या खोलीत आपण दोघी होतो. तू खुर्चीत, आणि मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या टेबलावर, बैठकीचं कामकाज लिहून घ्यायला. फादरांनी विचारलं, मुलं कोणी मोजली. तू म्हणालीस, नियमाप्रमाणे मोजायची जबाबदारी माझी होती. खोटं नाही बोललीस, पण त्यांनी विचारलं एक आणि तू सांगितलंस दुसरं. माझ्याकडे एकदासुद्धा पाहिलं नाहीस. आणि मी लिहून घेतलं, वर्गशिक्षिकेने जबाबदारी मान्य केली. परवा ती वही काढून पाहिली. अक्षर सुरेख आलंय, कुठे खाडाखोड नाही. पुढच्या ओळीत तुला कामावरून दूर ठेवल्याचं लिहिलंय, अंतिम निर्णय होईपर्यंत, तेही माझ्याच अक्षरात.

मी गप्प का बसले याचं उत्तर शोधायला गेले तर प्रत्येक वेळी निराळं सापडतं. पहिले दोन दिवस पोरगी काचघरातल्या उष्म्याने इस्पितळात होती, तेव्हा मला दुसरं काही सुचत नव्हतं. मग वाटलं, ती बरी होऊन घरी आली, आता सगळं आपोआप निवळेल. मग वाटलं, निवृत्तीला दहा महिने राहिलेत, फादर आत्तापासून निरोपाच्या कार्यक्रमाचं बोलतायत, आता या वयात कोणत्या तोंडाने सांगू. मॅडमचं कधी चुकत नाही, हे ऐकायची मला चटक लागली होती. खरं कारण तेच असावं. तू मला पाठीशी घातलंस आणि मी खुशाल घालू दिलं.

आणि घरात आपले घड्याळजी. माझा मुलगा आहे, पण त्याची बाजू घेणार नाही. चौकशीच्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, मी दुकानात दिवसाला घड्याळांचे शंभर स्क्रू हाताळतो, एक हरवत नाही, हिला बत्तीस मुलं मोजता येऊ नयेत. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. मी काय केलं, तर त्याच्या पुढ्यात मीठ सरकवलं. त्याने मागितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस, आणि मी तुला बॅगेची चेन लावायला मदत केली. चेन अडकत होती, आठवतं? मी म्हणाले, जोर लावू नको, तुटेल. तुझ्याशी शेवटचं समोरासमोर बोलले ते एवढंच.

आता या आठवड्याची खरी बातमी. मंगळवारी तुझी ती लाडकी परत शाळेत आली. वडिलांनी बोटाला धरून आणली, चिठ्ठी दिली आणि ते खाली मान घालून निघून गेले. एक दात अर्धा उगवलाय. ती माझ्या टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी राहिली आणि विचारलं, आमच्या बाई कधी येणार. मी म्हणाले, येतील. तर म्हणाली, त्यांना सांगा की मी लपले होते, त्यांनी हाक मारली तरी मुद्दाम बाहेर नाही आले, मला तिथला वास आवडला होता, आता परत नाही लपणार, त्यांना या म्हणावं. म्हणजे पाच आठवडे ती पोर घरात बसून हेच धरून होती की तिच्यामुळे तुला घालवलं. तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. सहा वर्षांची आहे. मी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, तुझी नाही ग बाळा, चूक माझी आहे. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, मग तुम्हाला का नाही घालवलं. घंटा झाली आणि ती वर्गात पळाली.

गुरुवारी पत्रक यंत्रावर टाकायच्या आधी मी मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. लिहूनही नेलं होतं, खाली सही करून. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता सुटले. तर म्हणाल्या, मॅडम, सुनेसाठी एवढं करणारी सासू मी जन्मात पाहिली नाही, पण हे मी घेऊ शकत नाही, तुमच्या इतक्या वर्षांच्या नावाला बट्टा कशाला लावून घेता. मी शपथेवर सांगितलं. त्यांनी माझा हात थोपटला. संध्याकाळी फादरांकडे गेले तर बाई त्यांच्याशी आधीच बोलल्या होत्या. फादर म्हणाले, प्रेम असंच असतं, पण खोट्याचा आधार घेऊ नये. आता कुठे खरं सांगत होते, तर ते खोटं ठरलं. घरी येऊन लेकाला सांगितलं. तो ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही. ताट बाजूला सारून म्हणाला, मग ती मला का नाही बोलली. मी विचारलं, तू तिला विचारलं होतंस का. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. तुझ्याकडे यायचं की नाही हे तो ठरवेल, आणि त्याला दारात घ्यायचं की नाही हे तू ठरव. त्याची वकिली मी करणार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. येत्या मंगळवारी समितीची शेवटची बैठक आहे. माझी सही केलेली कबुली बाईंनी परत केली होती, ती मी समितीच्या फाइलीत लावली आहे, आणि मंगळवारी मी कामकाज लिहिणार नाही, समोरच्या खुर्चीत बसणार आहे. फादर तिथूनच तुला फोन करून विचारणार आहेत, खरं काय झालं, आणि तुझ्या शब्दावर निर्णय होईल. तुझा स्वभाव मी ओळखते. तू म्हणशील, आई माझ्यासाठी बोलतायत, त्यांचं ऐकू नका, आणि ते सगळे लगेच विश्वास ठेवतील, कारण त्यांना तेच हवं आहे. माझ्यावर विश्वास न ठेवणं त्यांना फार सोपं आहे ग, मला चांगलं समजून ते सुटतात. म्हणून हात जोडून सांगते, एवढं माझ्यासाठी करू नकोस. तुला माझा राग येत असेल तर त्या रागाने बोल, दया येत असेल तर दयेने बोल, पण खरं तेच बोल. त्यांनी विचारलं की सासूबाईंनी मुलं मोजली असं तुला सांगितलं होतं का, तर फक्त हो म्हण.

तुझीच,
आई